पाणबुड्याची दुसरी वाटी

आमच्या गल्लीत दुपारचे चार वाजले हे कळण्यासाठी घड्याळाकडे पाहावे लागत नसे. यान आणि पेइलिएन हे जोडपे आपल्या दुकानाच्या दारालगतच्या टेबलाशी जेवायला बसले, की चार वाजले असे समजावे. मी निवृत्त झाल्यापासूनच्या अठरा वर्षांत ही वेळ पाच मिनिटांपेक्षा अधिक चुकल्याचे मला आठवत नाही, आणि अशा गोष्टी मला सहसा आठवतात.

दुकान काड्यांचे. भिंतीलगत थंड कपाट, त्यात बांबूच्या काड्यांवर ओवलेले नाना पदार्थ: कमळकाकडीच्या चकत्या, लाव्याची अंडी, बटाट्याचे काप, टोफूचे पापुद्रे, कोथिंबिरीभोवती गुंडाळलेल्या मांसाच्या पट्ट्या. ज्याने त्याने उठावे, हव्या त्या काड्या ताटात घ्याव्यात, आपल्या टेबलावरच्या उकळत्या लाल रश्श्यात बुडवाव्यात आणि शिजल्या की तिळाच्या तेलात ठेचलेल्या लसणाला लावून खाव्यात. चेंगदूमध्ये अशी दुकाने प्रत्येक वळणावर आहेत. यानच्या दुकानाचा रस्सा मात्र आसपासच्या चार गल्ल्यांत सर्वांत जहाल समजला जाई. मिरची आधी कानाला लागे आणि मागाहून तिरफळाने ओठ बधिर होत. तो रस्सा पेइलिएन वहिनींच्या हातचा.

दारालगतचे ते टेबल गिऱ्हाइकांना कधी दिले जात नसे, आणि त्याला कारण होते. दुकान नवे होते त्या सुमारास शहरात एक अफवा उठली होती की काही दुकानदार उष्ट्या रश्श्यावरचे तेल गाळून पुन्हा वापरतात. तेव्हापासून आमच्या भागात एक शिरस्ता पडला. नव्या माणसाने दुकानाची पाटी वाचू नये. मालकाच्या घरची माणसे कोणत्या कढईतले खातात, ते पाहावे. यान आणि वहिनी रोज चार वाजता, भर रस्त्यावरून दिसतील अशा जागी, गिऱ्हाइकांच्याच कढईतला रस्सा घेऊन जेवत. या दाखल्यापुढे कोणत्याही कचेरीच्या शिक्क्याची मातब्बरी नव्हती.

या जेवणात एकच गोष्ट मला खटकत असे. यानला तिखट सोसत नसे. त्याच्यापुढे भाजलेल्या कुट्टूच्या चहाच्या दोन वाट्या असत. रश्श्यातून काढलेली जवळजवळ प्रत्येक काडी तो आधी पहिल्या वाटीत बुडवी, मग दुसऱ्या वाटीत, आणि मगच ती टेबलाच्या मध्यावरच्या ताटलीत ठेवी. पहिल्या वाटीवर तेलाचा लाल तवंग चढे. दुसरीतला चहा बराचसा स्वच्छ राही. आमच्याकडे तान्ह्या मुलांना असे धुऊन भरवतात. पन्नाशी ओलांडलेल्या, चेंगदूत जन्मलेल्या पुरुषाने चारचौघांत असे करावे, हे मला तरी अशोभनीय वाटे. गल्लीतले लोक त्याला पाणबुड्या म्हणत.

"काय पाणबुडे, आज किती खोल?" टॅक्सीवाला तांग आत शिरता शिरता विचारी.

"तळाला जाऊन आलो. तुझी अक्कल सापडते का बघत होतो," यान म्हणे.

"माझ्या आजीला दात नव्हते, तरी ती धूत नव्हती हो! आणि यांना दोन-दोन वाट्या लागतात!"

त्यावर वहिनी आवाज चढवत. "सांगा, सांगा यांना! दुकानात नवरा बसवलाय की पाळण्यातलं पोर, लोकांना कळत नाही. अहो, रश्श्याची काही लाज?" असे म्हणता म्हणता त्या मधल्या ताटलीतली एखादी काडी सहज उचलून तोंडात टाकत, आणि सगळे दुकान हसे. यानही हसे.

मी सदतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूमिती शिकवली. आमच्या शहरात न्हाव्यालाही गुरुजी म्हणतात, त्यामुळे त्या संबोधनाचे मला विशेष अप्रूप नाही. पण चूक दिसली की ती दाखवायची सवय मात्र सुटलेली नाही. एकदा मी यानला बाजूला घेऊन म्हणालो, "यान, तुमच्या पत्नी तीन-तीन दिवस खपून तो मसाला परततात. तुम्ही तो त्यांच्यादेखत धुऊन टाकता. हे बरे दिसत नाही."

त्याने माझे म्हणणे पुरते ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, कान मऊ असला की जीभही मऊच होते. काय करू?"

बायकोचे ऐकणाऱ्या नवऱ्याला आमच्याकडे मऊ कानाचा म्हणतात. यानच्या बाबतीत हे सारी गल्ली जाणून होती. दोघेही शहराच्या पूर्वेकडच्या यंत्रांच्या कारखान्यात होती, तो लेथवर आणि ती भांडारात. कारखाना बंद पडला आणि एकाच आठवड्यात दोघांच्या हाती घरी बसण्याचे कागद आले. तेव्हा यानने आपल्या सायकलला शेजारी एक लाकडी बैठक जोडून घेतली. बायकोला बसवून नेण्याच्या अशा सायकलीला आमच्याकडे मऊ कानवाल्याची गाडीच म्हणत. त्या बैठकीत वहिनी मांडीवर रश्श्याचे भांडे घट्ट धरून बसत आणि यान पायडल मारी. पुलाखाली शेगडी पेटवून त्यांनी पहिल्या काड्या विकल्या. चढावर तो घामाघूम होई आणि वहिनी बसल्या जागेवरून ओरडत, "हळू! रस्सा सांडेल! माणूस सांडला तरी चालेल, रस्सा सांडता कामा नये!" हे वर्णन मी तांगकडून ऐकले आहे. तो तेव्हापासूनचा गिऱ्हाईक.

गेल्या वर्षी वसंताच्या सुरुवातीला, थंड कपाट पुसत असताना, यान खाली बसला तो उठला नाही. त्याचे हृदय थांबले होते.

सात आठवडे दुकान बंद होते. उघडले तेव्हा सर्व काही जागच्या जागी होते. वहिनी मागच्या खोलीत रस्सा करीत, त्यांची भाची लियिंग पुढे गिऱ्हाइके पाही, कपाट भरलेले असे. दारालगतचे टेबल तेवढे रिकामे राही. चार वाजत, साडेचार वाजत, वहिनी बाहेर येत नसत. पहिला महिना कोणी काही बोलले नाही. दुःखाला तेवढी मुदत द्यावी, इतपत समज गल्लीला आहे. दुसऱ्या महिन्यात समोर काचेच्या भिंतींचे एक नवे दुकान उघडले, आणि रिकाम्या टेबलाला अर्थ फुटू लागले.

तांग एका दुपारी थेट मागच्या खोलीच्या दाराशी गेला. माझे टेबल तेथून तीन हातांवर आहे, त्यामुळे मला सर्व ऐकू आले.

"वहिनी, राग मानू नका. समोर लोक काय बोलतात, माहीत आहे? म्हणतात, नवरा होता तोवर बाई खायची. आता खात नाही, म्हणजे तेल बदललंय."

आत मसाला परतण्याचा आवाज चालूच राहिला.

"मी भांडलो त्यांच्याशी. एकाची तर कॉलर धरणार होतो. पण मी कितीदा भांडू? तुम्ही एकदा बाहेर येऊन बसा ना. दोन काड्या खा. तोंडं बंद होतील."

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता पेइलिएन वहिनी बाहेर आल्या. त्यांनी कपाटातून पाच काड्या निवडल्या, दारालगतच्या टेबलाशी बसल्या, आणि सरळ रश्श्यातून काढून एकेक करून पाचही खाल्ल्या. पाठ ताठ होती. रस्त्यावरून जाणारे दोघेतिघे थांबून पाहत होते. तांगने टाळी वाजवली. "याला म्हणतात मालकीण! धुणं नाही, बिणं नाही!"

त्या उठल्या, काड्या ठेवायच्या उभ्या नळकांड्यात पाच काड्या नीट टाकल्या आणि आत गेल्या.

पुढचे दहा दिवस दुकान बंद होते. लियिंग एकदा गल्लीत भेटली, हातात डबा होता. "मावशी दवाखान्यात आहे. पोटातून रक्त गेलं. जुनंच दुखणं आहे, गुरुजी, काळजी करू नका," असे म्हणून ती घाईने निघून गेली.

जुने दुखणे हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला. अठरा वर्षांत मी त्या दुखण्याविषयी एक अक्षर ऐकले नव्हते.

दुकान बंद असल्याने मला जेवणासाठी अन्यत्र जावे लागे. नदीकाठी, आमच्या गल्लीपासून बऱ्याच अंतरावर, गाव नावाच्या म्हाताऱ्याचा शेवयांचा गाडा आहे. तेथे मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. बोलता बोलता मी कोणत्या गल्लीत राहतो, हे निघाले.

"म्हणजे यानच्या गल्लीतले! अरेरे, चांगला माणूस गेला," म्हातारा गाव म्हणाला. "रोज सकाळी सहाला इथे यायचा. माझ्या गाड्यावर तिखटाचे दोन चमचे वर मागून घेणारा तो एकटाच. मी म्हणायचो, यानभाऊ, आतडी आहेत की शेगडीचा पाइप? तर म्हणायचा, घाल रे, दुपारी मला उपासच असतो."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

मी स्वभावाने काड्या मोजणारा नव्हे. पण रंग, रेषा आणि मांडणी पाहिल्याखेरीज मला राहवत नाही. यान-वहिनींच्या टेबलावर दोन नळकांडी असत, एक त्याच्या बाजूला आणि एक तिच्या बाजूला. रश्श्यातून थेट खाल्लेल्या काडीचे टोक तांबडे राहते. चहात धुतलेल्या काडीचे टोक फिके पडते. तिच्या नळकांड्यातल्या काड्या फिक्या असत. त्याच्या नळकांड्यात काड्या थोड्या असत, आणि त्या तांबड्या असत. हे मी अठरा वर्षे पाहिले होते. पाहिले होते, आणि त्यावरून काहीही सिद्ध केले नव्हते. उलट त्या माणसाला शिष्टाचार शिकवायला गेलो होतो.

दहाव्या दिवशी दुकानाचे दार अर्धे उघडे दिसले. वहिनी आत एकट्याच काड्या ओवीत बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण हात पूर्वीसारखाच चालत होता: कमळकाकडीच्या दोन भोकांतून काडी आरपार, चकती आडवी नाही, तिरपी नाही. मी समोरच्या बाकावर बसलो.

"गुरुजी, आज दुकान नाही. आणि महिनाअखेरीनंतर कधीच नाही," त्या म्हणाल्या. "समोरच्यांनी जागा मागितली आहे. देऊन टाकते."

"नदीकाठी म्हाताऱ्या गावच्या शेवयांच्या गाड्यावर जेवत होतो या दिवसांत," मी म्हणालो. "यानच्या तिखटाच्या दोन चमच्यांविषयी त्याने सांगितले."

काडी चकतीत अर्ध्यावर थांबली.

"दुकानाचं तिसरं वर्ष होतं," त्या म्हणाल्या. "पोट कापलं माझं. डॉक्टर म्हणाला, तिखटाचा थेंब नाही, जन्मभर. मी रडले. मरायच्या भीतीनं नाही हो. रस्सा माझा, आणि मीच खात नाही, हे कळलं की संपलं. लोक म्हणणार, हिलाच ठाऊक, आत काय घालते ते. हे म्हणाले, रडू नकोस. उद्यापासून जीभ माझी पांगळी. मी धुतो, तू खा."

"आणि तुम्ही त्यांना रागावत होता."

"तेही त्यांचंच." त्यांनी काडी पुढे ढकलली, चकती मोडली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून मोडलेली मी पाहिलेली ती पहिली चकती. "म्हणायचे, बोल, मोठ्यानं बोल, नाहीतर कळेल लोकांना. मी बोलायचे. तेवीस वर्षं चारचौघांत त्यांना पोर म्हटलं, पाळण्यातलं म्हटलं. घरी गेल्यावर मी त्यांचे पाय चेपायचे, तर हसायचे. म्हणायचे, आज छान बोललीस, ते पाळण्याचं नवीन होतं."

मी विचारले, "मग आता सगळ्यांना खरे सांगून टाकले तर?"

"काय सांगू? तेवीस वर्षं तुम्हाला फसवलं म्हणून? मला बोलतील ते बोलू देत. त्यांना खोटारडा म्हणतील. मेल्या माणसाला उत्तर देता येतं का, गुरुजी? त्यापेक्षा दुकान गेलेलं बरं."

प्रमेय मांडणे मला येते. सांत्वन करणे मला कधी नीट जमले नाही. मी एवढेच म्हणालो, "महिनाअखेरीपर्यंत तरी उघडे ठेवा. मला दुसरीकडे जेवण पचत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडले. चार वाजण्याच्या सुमारास मी माझे नेहमीचे टेबल सोडून दारालगतच्या टेबलाशी जाऊन बसलो. लियिंग धावत आली.

"गुरुजी, ते टेबल..."

"ठाऊक आहे. एक कढई आण, कपाटातल्या दहा काड्या आण, आणि चहा आण. वाटी मोठी दे."

रस्सा उकळला. काड्या शिजल्या. मी पहिली काडी काढली आणि सर्वांच्या देखत चहाच्या वाटीत बुडवली.

तांग दोन टेबलांपलीकडे बसला होता. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला, आणि मग तो असा हसला की कपाटाची काच थरथरली. "अरे बघा, बघा! पाणबुड्या गेला आणि गुरुजी पाण्यात उतरले! गुरुजी, तुम्ही सुद्धा? यानला तर तुम्ही केवढं लेक्चर झोडलं होतं!"

"डॉक्टरांनी मला तिखट वर्ज्य केले आहे," मी म्हणालो. खोटे बोलण्याचा मला सराव नाही, त्यामुळे वाक्य जरा पुस्तकी झाले. "एकट्याने धुऊन खाण्याची लाज वाटते. वहिनी सोबत बसतील तर बरे होईल."

हसण्याचा गलका ऐकून वहिनी मागच्या दारात आल्या होत्या. माझ्या हातातली काडी, वाटीवरचा लाल तवंग आणि रिकामी समोरची खुर्ची, एवढे त्यांनी क्रमाने पाहिले. त्यांना सर्व समजले, हे मला दिसले. त्या पुढे आल्या आणि बसल्या. मी धुतलेली काडी मधल्या ताटलीत ठेवली.

"बघा वहिनी," तांग ओरडला, "तुमच्या नशिबी धुणारेच! बोला की यांना! यानला कसं बोलायच्या, तसं बोला! पाळण्यातलं पोर म्हणा!"

सगळे दुकान वाट पाहत होते. वहिनींनी हात पुढे केला, माझ्यासमोरची वाटी उचलून आपल्यासमोर ठेवली, कढईतून स्वतः एक काडी काढली, चहात बुडवली आणि खाल्ली.

"गुरुजींचं पोट ठणठणीत आहे," त्या तांगकडे वळून म्हणाल्या. "आणि आमच्या यांचंही होतं. धुतलेलं मी खात होते. माझं पोट कापलंय, तिखट चालत नाही मला. तेवीस वर्षं ते माझ्यासाठी धूत होते, आणि तुम्ही हसत होता, आणि मीही हसत होते. आता काय म्हणायचं ते म्हणा. पण तेल बदललेलं नाही. या कढईतलं मी रोज खात आले, आजही खातेय. धुऊन खाते, पण याच कढईतलं खाते."

तांगचा चेहरा उतरत गेला. तो मनाने वाईट माणूस नव्हे. अकरा दिवसांपूर्वी टाळी आपणच वाजवली होती, हे त्याला आठवले असावे. त्याने ओठ पुसले. मग तो उठला. मला वाटले, निघून जातो आहे. त्याने आपल्या टेबलावरची चहाची वाटी उचलली, त्यातला उष्टा चहा दाराबाहेरच्या गटारात ओतला, वाटी नळाखाली विसळली, किटलीतून भरली, आणि आणून वहिनींसमोर, पहिल्या वाटीच्या उजवीकडे ठेवली.

"दोन लागतात ना," तो म्हणाला. "एकीनं नीट निघत नाही. रोज बघायचो मी."

वहिनींनी मान हलवली. डोळे पुसायला त्यांनी हात वर केला, पण बोटांना लसणाचे तेल होते, म्हणून मनगटाने पुसले.

"आणि पाच काड्या," तांग खाली पाहत म्हणाला, "मी तुम्हाला खायला लावल्या, वहिनी..."

"बस खाली. बोलू नकोस, तुझ्या काड्या चिवट होतील," त्या म्हणाल्या. "मांस कधीचं पडलंय रश्श्यात. सत्तावीस वर्षं खातोयस, अजून वेळ कळत नाही."

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले, पण ते हसणे निराळे होते.

समोरच्या दुकानाला जागा मिळाली नाही. गल्लीत आठ दिवस चर्चा चालली. एकदोघांनी फसवणूक वगैरे शब्द काढले; तांगने त्यांना भर रस्त्यात असे सुनावले, की ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्यानंतर चार वाजता दारालगतचे टेबल पुन्हा भरू लागले. वहिनींच्या समोर कधी लियिंग बसते, कधी तांग, आणि गुरुवारी मी. ज्याची पाळी असेल त्याने धुवायचे, असा नियम मीच लेखी करून भिंतीला लावावा असे सुचवले होते. वहिनींनी तो कागद शेगडी पेटवायला वापरला.

मला ते काम अद्याप नीट साधत नाही. गेल्या गुरुवारीच, लाव्याच्या अंड्यांची काडी मी पहिल्या वाटीत जरा अधिक वेळ धरून ठेवली, कारण एक लाल कण सुटत नव्हता.

"गुरुजी!" वहिनी ओरडल्या, आणि सगळे दुकान वळून पाहू लागले. "बुडवायचं आणि काढायचं. न्हाऊ काय घालताय त्याला? त्यांचा हात बघितला नाहीत का कधी? अठरा वर्षं समोर बसला होतात ना?"

"बघितला होता," मी म्हणालो, आणि काडी दुसऱ्या वाटीत बुडवली.